माझ्या धुराड्यातून धूर येत नाही

यंदाच्या पानगळीत आजारी पडायचं नाही, असं मी ठरवलं. बस, एवढंच ठरवलं. त्यापायी अख्खी दरी माझ्या मरणाच्या तयारीला लागेल आणि पाद्रीबाई मला घाबरून स्वतःला मोटारीत कोंडून घेतील, हे आधी कळलं असतं तर मी पानगळ लागते त्या मार्चमध्येच एक बारीकशी सर्दी उरकून घेतली असती.

ठरवायला कारण झाली माझी लेक नोलीन. ती मेलबर्नला असते. आमच्या टास्मानियात आणि मेलबर्नमध्ये एवढा मोठा समुद्र आहे, पण नोलीन फोनवर बोलायला लागली की तो कमी पडतो. गेल्या वर्षी याच दिवसांत तिचा बाप, म्हणजे माझा क्लॅरी, साध्या सर्दीने गेला. सर्दी छातीत उतरली आणि त्याने ती कुणाला सांगितली नाही. तेव्हापासून नोलीनने माझ्या छातीवर पहारा बसवलाय.

"आई, यंदा पानगळीत तुझी छाती जरा जरी वाजली ना, तर मी येणार आणि तुला घेऊन जाणार. आमच्या समोरच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा आहे. दुसऱ्या मजल्यावर."

"दुसऱ्या मजल्यावर मी बटाटे कुठे लावू?"

"बटाटे दुकानात मिळतात, आई."

अशा मुलीला मी दूध पाजलं. हे घर क्लॅरीने आणि मी दोघांनी बांधलंय. छपराचे पत्रे मी धरले, खिळे त्याने ठोकले (त्यातला एक माझ्या अंगठ्यात). मला इथून हलायचं नव्हतं. मी नोलीनला म्हटलं, "आणि नाही आजारी पडले तर?"

"थंडी सुरू होईपर्यंत धडधाकट राहिलीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

माझी शाळा चौथीत सुटली, पण करार मला कळतो.

त्याच आठवड्यात आमच्या भागातली फिरती नर्स, सिस्टर पायबस, गावच्या हॉलमध्ये बोलायला आली. विषय होता, पानगळीत तब्येत कशी सांभाळावी. सिस्टर म्हणाली, बंद खोल्या, पेटलेली शेकोटी आणि माणसांची गर्दी, सर्दी जन्माला येते ती इथे. खिडक्या सताड उघड्या ठेवा, शेकोटीला चिकटून बसू नका, कच्चा कांदा खा. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन खिडक्या लावून घेतल्या. शिकलेल्या बायका त्या, ऐकून सोडून देता येतं त्यांना. मी कमी शिकलेली, मला सांगितलेलं करावं लागतं.

खिडक्या उघडल्या. शेकोटी विझवली, राख काढून गुलाबांना घातली. स्वयंपाकाला नोलीनने घेऊन दिलेली इलेक्ट्रिक शेगडी होती. कांदा सकाळ-संध्याकाळ. राहता राहिली गर्दी. त्यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही. क्लॅरी गेला तेव्हा पहिले काही दिवस घरात बसायला जागा नव्हती. मग सफरचंदांची तोडणी आली, लोक आपापल्या बागांत गेले, ते गेलेच. गर्दी टाळण्याच्या बाबतीत मी सिस्टरच्या वर्षभर पुढे होते.

पण आमच्या दरीची एक रीत आहे, ती माझ्या ध्यानातच आली नाही. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी जाऊन "कशी आहेस" विचारत नाही. सकाळी उठायचं, खिडकीतून समोरच्यांच्या धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला की माणूस जिवंत आहे. मग दिवसभर त्याच्याशी बोलायची गरज उरत नाही. वर्षभर माझी सगळी विचारपूस त्या धुराड्यामार्फत चालली होती आणि मी तेच बंद केलं.

डोंगरावर यंदा लवकर बर्फ पडलं. सगळ्या घरांवर धूर, माझ्यावर नाही. चार-पाच दिवसांत शेजारची मेव्हिस फाटकाशी येऊन उभी राहिली. मी बाहेर आले. अंगात झोपायचा पायजमा, त्यावर क्लॅरीचा कोट, डोक्यावर दोन टोप्या. (उघड्या खिडक्यांत राहून बघा, तुम्हीही घालाल.)

"हेझल, बरी आहेस ना गं?"

"ठणठणीत."

मेव्हिसचा चेहरा पडला. त्याचंही कारण आहे. आमच्याकडे पाय मोडला तरी माणूस "चाललंय" म्हणतो. "ठणठणीत" म्हणाला की समजायचं, पाद्रीबाईंना निरोप धाडावा. क्लॅरी जायच्या आदल्या दिवशी "ठणठणीत" म्हणाला होता. याच मेव्हिसला, याच फाटकाशी.

"तुझ्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"कांदा खाल्ला."

"कशात घालून?"

"कशात नाही. नुसता."

मेव्हिस एक पाऊल मागे सरली. "आणि हा क्लॅरीचा कोट गं?"

"मग काय, क्लॅरीला पाठवू?"

मला वाटलं आपण जरा जोरात बोललो. म्हणून म्हटलं, "आत ये ना. चहा टाकते." खरं सांगायचं तर फार दिवसांत कुणाला असं म्हणायची वेळ आली नव्हती.

"नको नको. तू पड जाऊन," ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता गेली.

संध्याकाळी दारावर एक थाप पडली. उघडून बघते तो पायरीवर झाकणाचं मोठं काचेचं भांडं. आत मटण-बटाट्याचा रस्सा, अजून गरम. बुडाला चिकटपट्टी, त्यावर मेव्हिसचं नाव. माणूस मात्र नाही. घरात दुखणं असलं की आमच्याकडे असंच करतात. भांडं ठेवायचं, एकदा थाप मारायची आणि सर्दी बाहेर यायच्या आत पळायचं.

दुसऱ्या दिवशी करी घातलेली सॉसेजं आली. मग भोपळ्याचं सूप. मग पुन्हा मटण. दर वेळी मी धावत दार उघडायची आणि मला फक्त पाठ दिसायची. गावातली इतकी माणसं इतक्या जवळून वर्षभरात पाहिली नव्हती, पण सगळी मागून.

शेवटी मी दाराच्या आतच खुर्ची टाकून बसले. एकाला तरी पकडायचंच. पकडून, माझी तब्येत दाखवून, चहा पाजून सोडायचं. थाप पडली तशी मी दार उघडलं. पाद्रीबाई होत्या. मला बघून त्या भांडं ठेवायचं सोडून ते हातात घेऊनच पळाल्या.

"अहो थांबा," मी ओरडले, "मला काही झालेलं नाही."

त्या आणखी जोरात पळाल्या. मग मीही पळाले. बटाट्याच्या वाफ्यातून आडवी गेले, म्हणजे फाटकाशी गाठता येतील. एक टोपी उडाली. त्या मोटारीत बसल्या आणि काच वर केली.

"काच खाली घ्या. मी तुमच्यापेक्षा जोरात पळाले की नाही? आजारी माणूस असा पळतो का?"

"हेझलबाई, ताप डोक्यात गेला की माणसाला बळ येतं," त्या काचेच्या आतून म्हणाल्या. "देव तुमच्या पाठीशी आहे. तुम्ही आत जा."

"देव आहे हो. चहाला कुणी नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण मोटार तोवर सुरू झाली होती. सुपाचं भांडं मोटारीच्या टपावर राहिलं होतं. ते वळणावर पडलं.

त्या दुपारी मेव्हिसने नोलीनला फोन केला. हेझल पायजम्यावर रानात धावतेय, पाद्रीबाईंच्या अंगावर गेली, फार दिवस काढेल असं वाटत नाही.

नोलीन विमानाने आली. हातात दोन मोठ्या बॅगा. उचलून पाहिल्या, दोन्ही रिकाम्या. माझ्यासाठी आणलेल्या.

"कपाटातले कपडे काढ, आई. तुझे आणि बाबांचे फोटो मी बॅगेत भरते."

"मी आजारी नाही."

"बाबा पण हेच म्हणायचे."

मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर आण. तो म्हणाला तर मी मुकाट्याने बॅगेत बसते."

डॉक्टरने माझी छाती पुढून ऐकली, मागून ऐकली. नोलीन दाराला टेकून उभी. मी श्वास सोडताना घराच्या भिंतीकडे बघत होते. इथे कुठेतरी क्लॅरीने एका फळीचं माप चुकवलं होतं, ते शोधत होते. डॉक्टरने नळी कानातून काढली.

"ट्रॅक्टरचं इंजिन आहे," तो म्हणाला. "कांदा तेवढा कमी करा, मला जवळ बसवत नाही."

जिंकले. पण नोलीन जायची गोष्ट काढेना, कारण आता तिलाच जाता येईना. मेलबर्नच्या गरम खोल्यांची सवय, माझ्या उघड्या खिडक्यांत दोन दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी तिचं नाक सुजून टोमॅटो. मी खिडक्या लावल्या. शेकोटी पेटवली. सिस्टर पायबसची क्षमा मागितली, मनातल्या मनात.

धूर वर गेला तशी भांडी यायची बंद झाली. पण आलेली पुष्कळ होती. आम्ही दोघी शेकोटीशी बसून रोज एक संपवायचो. नोलीन नाक शिंकरत म्हणायची, "मेव्हिसमावशीच्या मटणात मीठ नाही," मी म्हणायची, "तिच्या बोलण्यातही नाही," आणि ती हसता हसता खोकायची. मी तिच्या छातीला मलम चोळलं. चाळिशीची बाई, पण चोळून घेतलं तिने. एकदा ती शेकोटीसमोरच झोपली. मी भांडी घासायची तशीच ठेवली, आवाज झाला असता.

मग मेली बरी झाली.

विमानतळाच्या बसला पोचवायला गेले. बॅगा रिकाम्याच होत्या. तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "आता माझी काळजी मिटली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या आईला काही होत नाही. अजून पंचवीस वर्षं ती त्या घरात एकटी आरामात राहील."

बस गेली. मी घरी चालत आले. घर माझं राहिलं होतं. शेकोटीसमोर दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक मी मागे सरकवली, मग परत जागेवर ठेवली. पंचवीस वर्षं. आजवर डॉक्टरांनी कुणाला एवढी शिक्षा सुनावल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हिस अंगणात कपडे वाळत घालत होती. मी कुंपणाशी गेले, तिच्या बाजूला तोंड केलं आणि खोकले. बेताचाच, पण छातीतून आलेला खोकला. थोडं थांबून आणखी एकदा.

मेव्हिसने चादर झटकली, चिमटा तोंडातून काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी माझं भांडं आणून दे, हेझल. मग काय ते आजारी पड."