भुंडी टेकडीची सायकल

आमच्या सायकल गटाची एकोणिसावी सभासद ही एक टेकडी होती. तिचं नाव भुंडी. पत्ता वाठोली गावाच्या पूर्वेला, पाण्याच्या टाकीमागे.

अर्ज रीतसर आला होता. वयाच्या रकान्यात ‘आठवत न्हाई’, वजनाच्या रकान्यात ‘कुनी केलं न्हाई’, सायकल चालवता येते का, यापुढे ‘न्हाई’ आणि सहीच्या जागी मुरमाचा ठसा. गटात का यायचं आहे, या प्रश्नाला मात्र तिने ऐसपैस उत्तर लिहिलं होतं : ‘तुमी दर आइतवारी माझ्यावरनं जातासा आनि येताना तळ्याचं बोलत येतासा. मला तळं बगायचंय.’

आमचा गट डांबर टाळून माळावरून, बांधावरून, ओढ्यातून सायकली चालवतो. दर रविवारी सकाळी सातला टाकीपाशी जमायचं, भुंडीवर चढायचं, पलीकडे उतरायचं आणि अकरा किलोमीटरवरच्या खोलवडीच्या तलावावर जाऊन परत यायचं. गट दोन स्वयंसेवकांवर चालतो, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्या म्हणजे मंदाताई भोईटे, हायस्कुलात पीटी शिकवतात. मागचा मी, निवृत्ती घार्गे. एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या सोडायच्या आणि आपण तिथेच राहायचं. त्यामुळे मागचा म्हणून माझी निवड बिनविरोध झाली.

मागच्याला नारिंगी जाकीट मिळतं आणि एकच नियम पाळावा लागतो. सगळ्यात हळू जो असेल त्याच्या मागे राहायचं, त्याला ओलांडून पुढे जायचं नाही. परत आल्यावर मंदाताई वही उघडून विचारतात, “मागे कोणी?” मग मी वळून बघायचं आणि ओरडायचं, “मागे कोणी नाही!” तेव्हा राइड संपते.

भुंडीचा अर्ज बैठकीत आला तेव्हा मी जरा कुरकुर केली. मंदाताईंनी नियमपुस्तिका उघडून वाचलं, “वय, वजन, अंग, वेग, कशाचीही अट नाही.”

“पण ताई, ती टेकडी आहे.”

“टेकडी नको, असं कुठे लिहिलंय?”

तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुस्तिका मंदाताईंनीच लिहिली होती. त्यांचा डावा पाय गुडघ्यापाशी संपतो, खाली कृत्रिम पाय आहे. शाळेत असताना प्रत्येक सहलीला त्यांना घरी ठेवायचे. परत आलेल्या मैत्रिणी सांगायच्या, “काही विशेष नव्हतं गं, तुझं काही हुकलं नाही.” मंदाताई एकदा मला म्हणाल्या होत्या, “काका, त्या मायेनेच म्हणायच्या. पण समुद्र काही विशेष नसतो, असं मी बारा वर्षं धरून चालले होते.” त्यासाठीच त्यांनी हा गट काढला. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं.

भुंडी सभासद झाली. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला गटाची सायकल मिळते, म्हणून एक लाल, बिनगिअरची सायकल तिच्या माथ्यावर बाभळीला टेकवून ठेवली. सायकल चालवता येत नसेल तर हातात धरून चाललं तरी आमच्याकडे राइडच धरतात. भुंडी सायकल डोक्यावर घेऊन चालणार होती. तीही राइडच, असा ठराव झाला.

पहिल्या रविवारी मी तिच्या मागच्या पायथ्याशी एक वीट ठेवली. सात वाजता ती निघाली, साडेनऊला थांबली. वीट आणि पायथा यांच्यात चार बोटं अंतर पडलं होतं.

“जमलं का वो, कंट्रोलरसायेब?” तिने विचारलं. तिला धाप लागली होती.

“झकास,” मी म्हणालो.

हिशोब केला तेव्हा दर रविवारी चार बोटं या चालीने तलाव गाठायला साधारण तीन हजार वर्षं लागणार होती. मंदाताईंनी तो आकडा वहीत लिहिला. वेळेची अट नव्हती. मात्र तोवर बाकीच्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांनी तलावावर जाऊन घरी जावं, अशी सवलत देण्यात आली. ते परत आले की मंदाताई विचारायच्या, “मागे कोणी?” मी भुंडीच्या पायथ्यापासून ओरडायचो, “भुंडी आहे!” आणि वहीत नोंद व्हायची : राइड चालू.

तीन महिन्यांनी तलाठी भाऊसाहेब आले. त्यांनी टेप लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“घार्गे, ही टेकडी गट नंबर दोनशे बारामधली. ती दोनशे तेरामध्ये तीन फूट गेलीय. कुणाच्या परवानगीनं?”

“सभासद आहे आमची.”

“पावती?”

मी पावती दाखवली. भाऊसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी भुंडीकडे बघून आवाज चढवला. “पुढं ढमाळांचं ज्वारीचं रान हाय, ठावं हाय का?”

“ठावं हाय,” भुंडी म्हणाली. “काढनी झाल्यावर जाईन.”

ढमाळांना बोलावणं गेलं. टेकडी आपल्या रानात कधी पोचेल, असं त्यांनी विचारलं. साधारण चाळीस वर्षांनी, असं कळल्यावर ते म्हणाले, “तवाचं तवा बगू,” आणि निघून गेले. भाऊसाहेबांनी पंचनाम्यात लिहिलं : टेकडी पूर्वेकडे जात असल्याचे आढळले. हरकत नाही.

असे छत्तीस रविवार गेले. दर रविवारी वीट नव्याने पायथ्याला टेकवून मी तिच्या मागे स्टूल टाकून बसायचो. थर्मासमधला चहा प्यायचो. ती फारसं बोलायची नाही, चालताना तिला बोलवत नसे. थांबली की मात्र दर वेळी नवा प्रश्न. तळ्याला काठ असतो का? पाणी दिवसभर तिथंच असतं का? एवढं पाणी बघून माणसं काय करतात? मला जमेल तसं मी सांगायचो. हळूहळू तिच्या प्रश्नांची मला सवय लागली, आणि खरं सांगायचं तर ओढ लागली.

पण थंडीत तलावावर राजहंस उतरले. दर रविवारी मंडळी परत यायची ती राजहंसांचंच बोलत यायची, आणि मी वीट आणि पायथा यांच्यातली चार बोटं मोजत बसलेलो. नऊ महिने मी तलाव पाहिला नव्हता. पुन्हा स्टँडवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडतोय, असं वाटायला लागलं. जीव नुसता विटून गेला होता.

सदतिसाव्या रविवारी अत्तारचाचा टाकीपाशी खोळंबले होते. चाचांना दिसत नाही. ते दोघांच्या सायकलीवर मागे बसतात, पुढे पोस्टमन किसन कणसे चालवतो. किसनला ताप आला होता. मंदाताई म्हणाल्या, “चाचा, आज राहू दे. मी थांबते तुमच्याजवळ, गप्पा मारू.”

“मी नेतो चाचांना,” मी म्हणालो.

मला कुणी विचारलं नव्हतं. हे मी स्वतःला आजही सांगत असतो. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या फक्त म्हणाल्या, “भुंडीला विचारा.”

मी पायथ्याशी गेलो. “भुंडे, एवढ्या एका रविवारी जाऊन येऊ का? चाचांची अडचण आहे.”

“जावा की,” भुंडी म्हणाली. “मी हाय हितंच.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “नीट बगून या. मला सांगा.”

नारिंगी जाकीट काढून मी तिच्या बाभळीला अडकवलं. जाकीट अंगात नसलं की मी मागचा नव्हे, आणि मागचा नव्हे म्हटल्यावर पुढे जायला काही हरकत नाही, असा मी मनाशी कायदा केला. आणि तिच्यावरून पलीकडे उतरलो.

तलाव भरलेला होता. पाण्यावर दोनशे तरी राजहंस असतील. चाचांनी विचारलं, “कंट्रोलर, काय काय दिसतंय, सांग ना.” मी अर्धा तास सांगत होतो. पाणी काठाशी तांबूस आणि आत निळं कसं होतं ते सांगितलं. राजहंस आधी मान बुडवतात, मग सगळे एकदम उठतात, आणि ते उठले की पाणी क्षणभर थरथरतं आणि पुन्हा गप्प होतं, हेही सांगितलं. चाचांनी माझा खांदा दाबला. “बास रे बाबा, दिसलं मला सगळं.”

परतलो तेव्हा साडेदहा झाले होते. मी आधी विटेपाशी गेलो. वीट पायथ्याला टेकलेलीच होती, बोटभरही अंतर पडलेलं नव्हतं.

“आज चालली नाहीस?”

“माज्या मागं कुनी न्हवतं,” भुंडी म्हणाली. “मागं कुनी नसताना निघायचं न्हाई, नियम हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची चार बोटं बुडवून मी तलाव बघून आलो होतो.

“आसू द्या,” ती म्हणाली. “कसं हाय तळं?”

अर्ध्या तासाचं सगळं बोलणं तोंडाशी होतं. पण तिच्या त्या न सरकलेल्या पायथ्याकडे बघून मला ते बोलवेना. लग्नाला न आलेल्या माणसाला आपण जसं म्हणतो ना, जेवण काही खास नव्हतं, तसं मी म्हणून गेलो.

“काही विशेष नाही गं. पाणी आहे झालं. तुझं काही हुकलं नाही.”

“आसं व्हय,” ती म्हणाली. “बरं झालं सांगितलंसा.”

मला वाटलं, तिला बरं वाटलं. मी जाकीट घातलं आणि घरी जाऊन जेवलो.

पुढच्या रविवारी लाल सायकल पायथ्याशी स्टँडवर उभी होती. गटाची सायकल परत करताना पुसून द्यावी, असा नियम आहे. सायकल पुसलेली होती. तार न् तार पुसली होती, चाकांत हवा भरली होती. कॅरिअरला कागद लावला होता : ‘तळं काय इशेष न्हाई आसं कळलं. मग जागा सोडून कशापायी जायाचं. तुमी मानसं चांगली हायसा. माझं नाव काडावं.’ खाली मुरमाचा ठसा.

मंदाताईंनी कागद दोनदा वाचला. “हे तिला कोणी सांगितलं?”

“मी.”

मंदाताईंनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “काका, तुम्हीसुद्धा?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या. त्यातली एकही इतकी लागली नव्हती.

“जा,” मंदाताई म्हणाल्या. “खरं काय ते सांगून या.”

मी गेलो. माती हातात घेऊन सांगितलं, खोटं बोललो होतो. तांबूस पाणी, निळं पाणी, दोनशे राजहंस, सगळं सांगितलं. भुंडीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मला बरं वाटावं म्हनून म्हनताय,” ती म्हणाली.

“नाही गं, तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो.”

“मग आता कशापायी म्हनताय?”

मी चाचांना घेऊन आलो. चाचांनी राजहंसांचं उठणं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. भुंडीने त्यांना अदबीने विचारलं, “चाचा, तुमी सोता बगितलंसा?”

चाचा सरळ माणूस. “नाही माय,” ते म्हणाले. “मला दिसत नाही. मला ह्या कंट्रोलरनेच सांगितलं.”

मंदाताईंनी राजीनामा महिनाभर मंजूर केला नाही. त्या स्वतः तीनदा जाऊन तिच्याशी बोलून आल्या. भुंडीने त्यांना मानाने बसवून घेतलं, पण ताई सगळ्यांनाच ‘जमेल तुला’ म्हणतात हे ती दर रविवारी ऐकत आली होती. शेवटी नियमच आडवा आला. आमच्याकडे येण्याची सक्ती नाही, तशी राहण्याचीही नाही.

भाऊसाहेबांनी येऊन नवी मोजणी केली. टेकडी मूळ जागेपासून पूर्वेस साडेआठ फूट, आता स्थिर, अशी नोंद झाली. लाल सायकल एका निवृत्त नर्सबाईंना दिली. त्या म्हणतात, सायकल छान चालते, फक्त उतारावर मागे ओढते.

मी अजून मागचाच आहे. दर रविवारी आम्ही भुंडीवरून जातो. बाकीचे सायकलवरून जातात, मी उतरून हातात धरून चालतो. येताना राजहंसांचं मी मुद्दाम मोठ्याने बोलतो. ती कधी मध्ये बोलत नाही. पायथ्याशी ती वीट तशीच आहे. मी अजून बोटं लावून बघतो.

मग टाकीपाशी मंदाताई वही उघडतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, “मागे कोणी?”

मी वळून बघतो. भुंडी तिथेच असते. मी सांगतो, “मागे कोणी नाही.”