कॉम्प्युटरच्या पाठीमागे

यंत्राला मन नसतं, मर्जी नसते आणि बाधा तर कधीच होत नाही, असं अवसरी बुद्रुकच्या कुंडलिकचं ठाम मत होतं. हे मत त्यानं मंगळवारी सकाळी चहा पिता पिता बायकोला, वैजयंतीला, ऐकवलं. गुरुवारी तो त्याच यंत्रावरून मीठ-मोहऱ्या उतरवत होता, आणि तेही बायको अंगणवाडीत गेली आहे याची खात्री करून.

कुंडलिक लग्नाचे व्हिडिओ करायचा. सध्या त्याच्या हातात आळेफाट्याच्या धर्माजी हॉटेलवाल्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. रविवारी त्यांच्याकडे जागरण-गोंधळ. त्या रात्री हॉटेलच्या भिंतीवर पडदा लावून साऱ्या पै-पाहुण्यांना अख्खी फिल्म दाखवायची, असं ठरलं होतं. "फिल्म येळेत आली तर धाकट्या आरोहीचं लगीन बी तुझंच," धर्माजी म्हणाले होते, "न्हाई आली तर फाट्यावर फोटोवाल्यांची काय कमी न्हाई." आरोहीचं लग्न म्हणजे दोन ड्रोन, क्रेन आणि महाबळेश्वरला प्री-वेडिंग. कुंडलिकनं मनातल्या मनात त्या क्रेनवर बसून पाहिलंही होतं.

अडचण एवढीच की त्याचा कॉम्प्युटर फिल्ममधल्या हळदीपर्यंत रखडत यायचा आणि दम टाकायचा. म्हणून मंगळवारी त्यानं ओव्हरक्लॉकिंग केलं. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, तो सेटिंगमध्ये शिरून वाढवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बैल आपला, टोचायची पराणीही आपलीच, असा त्यामागचा विचार.

वेग खरंच वाढला का, हे बघायला बेंचमार्क नावाचा प्रोग्राम असतो. तो कॉम्प्युटरला एक अवघड देखावा रंगवायला लावतो आणि शेवटी गुण देतो. कुंडलिकच्या बेंचमार्कमध्ये एक दगडी देऊळ होतं. आत माणूस एकही नाही. समया पेटलेल्या, पण कुणी पेटवल्या ते कळत नाही. कॅमेरा आपोआप गाभाऱ्याकडे सरकत जातो, गाभारा येतो आणि अंधार होतो. मग गुण.

गुण झकास आले. कुंडलिकनं साळुबाई आत्याला हाक मारली. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. धान्याचं पोतं एकटीनं उचलणारी बाई. तिनं पडद्याला हात जोडले.

"कुठलं रं हे देऊळ?"

"कुठलंच न्हाई. कॉम्प्युटरच तयार करतोय. चालू केला की आपोआप लागतं, आणि हे बटण दाबलं की परत परत फिरतं."

"देव कोन हाय?"

"देव न्हाई त्यात."

"देव न्हाई आन् समया लावून ठिवल्यात," आत्या म्हणाली, आणि तिनं कॉम्प्युटरच्या पाठीशी हात धरला. "हिकडून लई गरम वारं येतंय."

यायचंच. कॉम्प्युटर भिंतीतल्या जुन्या खिडकीला पाठ लावून ठेवला होता. खिडकीपलीकडे धान्याची अंधारी खोली. गरम हवा तिकडे जावी आणि आपल्या खोलीत गारवा राहावा, ही कुंडलिकचीच अक्कल. "हात लावू नको आत्या," तो म्हणाला. गेल्या वर्षी तिनं कॅबिनेटवर पापड वाळत घातले होते, तेव्हापासून तिची कुठलीही वस्तू कॉम्प्युटरजवळ दिसली तर तो घर डोक्यावर घ्यायचा.

त्याच दुपारी बिबट्यानं आत्याची तांबडी कोंबडी नेली.

यात गावाला नवल नव्हतं. ऊस परसदारापर्यंत आलेला, आणि उसात कोण राहतं ते सगळ्यांना ठाऊक. पण भरदुपारी, कुत्रं दारात बसलेलं असताना, आवाज न करता? खुराड्यापाशी पिसं तेवढी पडली होती. कुत्रं त्या पिसांकडे न बघता उलट घराकडे, धान्याच्या खोलीकडे बघत बसलं. आत्या खुराड्यात वाकली, पदर सावरला आणि घरात गेली.

संध्याकाळी कुंडलिकनं हौसेनं पुन्हा बेंचमार्क लावला. देऊळ आलं. पण या खेपेला कॅमेरा गाभाऱ्याकडे जाताना अडखळत होता, पुढं जायला बिचकल्यासारखा. गुण निम्मे.

त्यानं मंचरच्या गोरखला फोन लावला. गोरखचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि प्रत्येक रोगावर त्याचा एकच उपाय होता.

"तापतोय का?"

"तव्यासारखा."

"पंखे फिरतात?"

"फिरतात."

"मग पेस्ट वाळली. प्रोसेसर थंड ठेवणारी ती पेस्ट बदल."

बुधवारी कुंडलिकनं कॉम्प्युटर उचलून बैठकीतल्या टेबलावर घेतला, उघडला, पेस्ट बदलली आणि तिथंच बेंचमार्क लावला. मंगळवारसारखेच झकास गुण. खूश होऊन त्यानं कॉम्प्युटर परत खिडकीशी नेला. गुण निम्मे. पुन्हा टेबलावर आणला. झकास. खिडकीशी. निम्मे. मागं डोकावून पाहिलं तर खिडकीत नुसता काळोख, आणि त्या काळोखातून कुणीतरी श्वास सोडावा तशी ऊब.

"गोरख," तो फोनवर हलक्या आवाजात म्हणाला, "बिघाड यंत्रात न्हाई. जागेत हाय."

"मग मी काय करू राव? कॉम्प्युटरचा ड्रायव्हर टाकून देतो, जागेचा न्हाई माझ्याकडं."

कुंडलिकनं कॉम्प्युटर टेबलावरच ठेवला, बंद केला आणि कळंबला एका साखरपुड्याचे फोटो द्यायला गेला. परतला तेव्हा उन्हं उतरली होती. घरात सामसूम. टेबल रिकामं.

आतल्या खोलीतून घरघर ऐकू येत होती.

कॉम्प्युटर खिडकीशी, जागच्या जागी होता. चालू होता. पडद्यावर देऊळ फिरत होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गाभारा, अंधार, परत समया, परत गाभारा. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

आत्या अंगणात तांदूळ निवडत होती.

"आत्या, आत कोन आलं व्हतं?"

"आत? कोन येतंय आपल्याकडं."

"कॉम्प्युटर कुनी हलवला?"

"मला काय कळतंय त्यातलं," आत्या म्हणाली आणि तांदळातला एक खडा उचलून तिनं फार लांब फेकला.

कुंडलिकनं आत जाऊन वायरच काढली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि आला, तर वायर बसवलेली. समया तेवत होत्या.

आता मीठ-मोहऱ्यांचं कारण वाचकांच्या ध्यानात आलं असेल.

मोहऱ्यांनी गुण वाढले नाहीत. उलट शुक्रवारी नवंच सुरू झालं. फिल्मची हळद पुढं ढकलता ढकलता कुंडलिकच्या कानावर आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक टक. कुणीतरी आतून, बाहेर यायची परवानगी मागत असल्यासारखं. आणि त्यामागून बारीकसं 'च्यँव'.

त्यानं गोरखला फोन लावून मोबाइल कॉम्प्युटरशी धरला.

"हा बीप कोड हाय," गोरख अधिकारवाणीनं म्हणाला. "बिघाड झाला की मदरबोर्ड वाजतो. लांब वाजतंय का आखूड?"

"दोन्ही."

"लांब आधी का आखूड आधी?"

"आता दोघं एकदम वाजायला लागलेत."

गोरखची अधिकारवाणी उतरली. म्हणाला, "कुंडलिक, यंत्र एका येळी एकच बोलतं रं. तू बाहेर ये." आणि त्यानं फोन ठेवला.

बाहेर पडणंच शहाणपणाचं होतं. पण परवा रविवार होता, आणि फिल्ममध्ये नवरी अजून बोहल्यावरही चढली नव्हती. कुंडलिकनं डोळे मिटले आणि कॉम्प्युटरच्या मागून खिडकीत हात घातला. हाताला कापड लागलं. कापड गरम होतं. त्यानं बोटं रुतवली तेव्हा कापडाखाली काहीतरी हललं, आणि बोटाला काहीतरी टोचलं.

तो ओरडला तो आवाज थेट अंगणवाडीपर्यंत गेला असं पुढं वैजयंती सगळ्यांना सांगायची, पण ती तेव्हा फाटकात होती. ती आत आली, नवऱ्याचं बोट बघितलं, रक्त नाही याची खात्री केली आणि बॅटरी घेऊन सरळ धान्याच्या खोलीत शिरली. कुंडलिक तिच्यामागं, तिचा पदर धरला नाही एवढंच.

बॅटरीच्या उजेडात खिडकीला एक गोधडी टांगलेली दिसली. गोधडीला लागून पोत्यांवर पाटी, पाटीत भुसा. आणि पाटीशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, साळुबाई आत्या.

"ओरडू नगं," ती म्हणाली. "भ्यात्यात."

पाटीत तीन पिल्लं ओली-सुकी उभी होती. एखादं सोडून बाकीच्या अंड्यांना तडे गेले होते आणि आतून टकटक चालू होती.

"कोंबडी नेली त्या मुडद्यानं, पर अंडी ऱ्हायली," आत्या सांगू लागली. "दीस भरत आलं व्हतं. गार पडली आस्ती तर मेली आस्ती. तुझं देऊळ लई ऊब देतं."

"तू कॉम्प्युटर उचलून आणलास?"

"तू टेबलावर नेऊन ठिवलास म्हनून."

"आणि गोधडी लावून सगळी गरम हवा कोंडलीस. श्वास कोंडल्यावर यंत्र पळेल का?"

"गोधडी न्हाई लावली तर वारं लागतं," आत्या म्हणाली. "आन् तू सारखं बंद काय करतुयास? मी लावते, तू बंद करतुयास. जीव हाय का न्हाई तुला?"

"मला म्हणायचं होतंस ना एकदा."

"पापडाच्या वेळी म्हनले व्हते."

यावर वैजयंती हसली, आणि त्यामुळे कुंडलिकची बाजू पडली. तरी त्यानं पाटीला हात घातला. रविवारचं काय, आरोहीच्या लग्नाचं काय? आत्यानं त्याचं मनगट धरलं. ज्या हातानं पोती उचलली जातात त्या हातानं.

"अर्धी अंड्यातच हायती अजून," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आता हलवलीस तर ती न्हाई निघायची."

पाटीतली टकटक ऐकून कुंडलिकनं हात मागं घेतला.

"देऊळच लावायला पाहिजे असं आहे का?" वैजयंतीनं विचारलं. "फिल्म लावली तर गरम होत नाही का तो?"

"होतो की. जास्तच होतो."

"मंग लगीन लाव," आत्या म्हणाली. "देवाचं काय आडलंय. तसा बी आत देव न्हाईच."

कुंडलिकनं ओव्हरक्लॉकिंग काढलं. गोधडी वीतभर वर घेतली, म्हणजे ऊबही राहील आणि हवाही जाईल. मग कंपनीच्या मूळ वेगानं, सावकाश पण रात्रंदिवस न थांबता, न तपासता, बेंचमार्कचं नाव न काढता त्यानं फिल्म लावून दिली आणि बंद करायचं बटण आत्यानं चिकटपट्टीनं बुजवून टाकलं. हळद झाली. नवरी बोहल्यावर चढली. मंगलाष्टकं संपेपर्यंत आणखी पाच पिल्लं बाहेर आली. रविवारी सकाळी पाठवणीही झाली, आणि एकच अंडं राहिलं, ते मुळातच वांझ होतं असं आत्यानं कानाशी धरून जाहीर केलं.

आळेफाट्याच्या पडद्यावर फिल्म वेळेत लागली. धर्माजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कुंडलिकच्या पाठीवर थाप मारून साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, की धाकटीचं लग्न यालाच, दुसऱ्या कुणाचं नावही घ्यायचं नाही. कुंडलिकनं दुसऱ्याच दिवशी पुण्यात क्रेनची चौकशी केली.

आरोहीनं पुढच्या महिन्यात खडकीला रजिस्टर लग्न केलं. फोटो एका साक्षीदारानं मोबाइलवर काढला.