पहिलं उत्तर न घेणारे तात्या

दिनकरतात्यांना ‘जेवलोय’ म्हणून सांगून त्यांच्या दारातून उपाशी परतलेला माणूस मी तरी पाहिला नाही. सर्व्हे खात्यात जन्म गेला. घरोघरी प्रश्न विचारून माणसाच्या पहिल्या उत्तरावरचा त्यांचा विश्वासच उडाला. “पयलं उत्तर शेजाऱ्यासाठी असतंय,” म्हणतात, आणि तेच पुन्हा विचारतात. डॉक्टर म्हणाले, “शुगर नॉर्मल आहे,” तर तात्या म्हणाले, “हे नर्ससमोर झालं. आता खरं सांगा.” डोकं उठवतो हो माणूस! पण दोन दिवस दिसला नाही की करमत नाही.

काकू गेल्यावर राहिला एकुलता मुलगा सागर, तोही पुण्यात. लग्नाचा विषय निघाला की फोन ठेवायचा. पुढं सणालाही येईनासा झाला. त्याच्याबद्दल मात्र तात्या अवाक्षर काढत नसत.

परवा दूधकट्ट्यावर, जिथं समोर म्हैस पिळून ताजं दूध ग्लासात देतात, तिथं धार निघेपर्यंत शेजारच्या दामूअण्णांनी पेपर उघडला. देशात समलिंगी, तृतीयपंथी वगैरे माणसं शंभरात किती, याचा कुणीतरी अंदाज काढला होता.

“आपल्या पेठेत असलं काय न्हाय बाबा,” अण्णा म्हणाले.

“कुणाला इचारलं?” तात्या उसळले. “आनि कसं? शेजारी कोन बसलंतं? थांबा. बायकोचा मार खाल्लेल्यांनी हात वर करा!”

सगळे रिकाम्या ग्लासात बघायला लागले. माझाही हात खालीच. मी काय खुळा हाय?

“झालं! पेठेत मार खाल्लेला नवरा न्हाय. छापा पेपरात!”

आम्ही पोट धरून हसलो. तात्या हसले नाहीत.

“कबूल करत्यात तेवढीच मोजली जात्यात. बाकीची गप बसत्यात, न्हायतर गाव सोडत्यात.” मग म्हणाले, “आपल्या पेठेत एक हाय. माझा सागर. पुण्याला जाऊन त्याच्या तोंडनं ऐकून आलोय. जोडीदाराला घेऊन दिवाळीला येऊ का म्हणतोय. मी ये म्हटलंय. पर तुमी काय म्हणशिला, ह्या काळजीनं झोप न्हाय मला.”

गवळ्याचा धार काढणारा हात थांबला.

अण्णांनी पेपराची घडी घातली. “तात्या, पावणं मटण खातंय नव्हं?”

“खातंय की.”

“मग पयलं जेवाण आमच्यात.”

तात्या “बरं” म्हणाले आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागले. दूध अजून त्यांच्या ग्लासात पडायचं होतं.