शेवंताकाकूंच्या राजेराण्या

शेवंताकाकूंच्या पिठाच्या गिरणीत नव्या गिऱ्हाइकाची हमखास फसगत होते. एकदा एक नवी सून दळण घेऊन आली. काकू तिला म्हणाल्या, "कालच त्या राजानं आनखी एक लगीन केलं. पहिल्या दोघी हायेत की घरात."

सुनेनं घाबरून विचारलं, "कुठल्या गावचा?"

"उज्जैनीचा. स्वभावच तसा हाय त्याचा."

राजा पुस्तकातला. मी निवृत्त शिक्षक, पारनेरला काकूंच्याच आळीत राहतो. माझ्याकडे हजारेक वर्षांपूर्वीच्या कथांचा जाडजूड मराठी अनुवाद होता. गोष्टीत गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक. मला तो काही संपवता आला नाही. गेल्या दिवाळीत काकूंनी तो वाचायला मागून नेला. तेव्हापासून पट्ट्याच्या घरघरीत, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली चष्मा लावून त्या वाचत असतात. एखादी राणी संकटात सापडली की गिरणी बंद. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणतात, "थांबा जरा. बाई रानात एकली हाय." मग काकू मोठ्यानं वाचू लागतात आणि थांबलेली मंडळीही हळूहळू त्या रानात शिरतात. उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगत राहतं आणि पारनेरच्या कोरड्या दुपारी सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गलबतं जातात.

पात्रांना मात्र काकू दयामाया दाखवत नाहीत. "राक्षसाचं ऐकतो, बायकोचं न्हाई. मरंल न्हाई तर काय."

परवा तिन्हीसांजेला, गिरणी बंद झाल्यावर, राहिलेला दळणाचा डबा आणायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान दत्तूकाका लकवा झाल्यापासून अंथरुणावरच असतात. दार उघडं होतं. काकू त्यांचे पाय चोळत एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगत होत्या. तो भाग मी वाचलेला. भर समुद्रात गलबत फुटतं आणि व्यापारी बुडतो. काकूंचा व्यापारी मात्र फळीला धरून किनाऱ्याला लागला.

त्या डबा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी हळूच म्हणालो, "काकू, पुस्तकात तो बुडतो."

"ठावं हाय, गुरुजी." त्यांनी पदराला हात पुसले. "लिहिनाराच्या घरी आजारी मानूस नसंल. माझ्या घरी हाय. ह्यांच्या म्होरं मी आजवर कुनालाच मरू दिलं न्हाई."

आतून दत्तूकाकांचा अडखळता आवाज आला, "त्यो... जेवला का?"

"बसतोय आता," काकू म्हणाल्या, आणि व्यापाऱ्याला वाढायला आत गेल्या.