गुडघ्याचा पुनर्जन्म

वेंकोजीरावांचा उजवा गुडघा झिजला होता. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते, स्वतः वेंकोजीराव कडकोळच्या कारखान्यात सुपरवायझर. जिन्यांनी गुडघा खाल्ला, असं ते सांगत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, असं सांगितलं. एवढ्या साध्या उपायानं बरं होणं हा वेंकोजीरावांना दुखण्याचा अपमान वाटला.

म्हणून ते जयलक्ष्मीपुरमच्या ‘नवसंधी पुनर्जनन केंद्रा’त गेले. तिथले डॉक्टर अनुराग मूळचे पुण्याचे. मराठी ऐकताच वेंकोजीराव निम्मे बरे झाले.

“काका, कमरेच्या हाडातला मगज काढायचा, यंत्रात फिरवायचा आणि त्यातल्या पेशी गुडघ्यात सोडायच्या. बाहेरचं काही नाही. सगळं तुमचंच.”

“माझंच आहे, तर आजवर सुम्ने, रिकामं का बसलं होतं?”

“त्यांना कुणी कामाला लावलं नव्हतं,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. सुपरवायझरला हे तत्काळ पटलं.

उपचार झाले. आता गुडघ्यासोबत कंबरही दुखू लागली. डॉक्टर खूश झाले. “म्हणजे पेशी रुजतायत.” पुढच्या खेपेला दुखणं तसंच होतं. “म्हणजे पेशी स्थिरावल्या.” त्यापुढच्या खेपेला केंद्राच्याच वेदनाशामक गोळ्यांनी थोडं कमी झालं. “बघा, पेशी बोलायला लागल्या!” दाराशी अभिप्रायाचं यंत्र होतं. त्यावर हसरा आणि रडका असे दोन चेहरे होते. रडक्यावर चिकटपट्टी मारली होती, कारण तो दुरुस्तीला काढला होता. वेंकोजीरावांनी हसरा दाबला.

त्यामुळे केंद्राच्या वर्धापनदिनी ‘संधीवीर’ म्हणून त्यांचाच सत्कार ठरला. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. दोन परिचारकांनी त्यांना मागून खुर्चीसकट वर चढवलं, उभं केलं आणि मग पडदा उघडला. डोक्यावर म्हैसुरी पेटा, समोर भरलेलं सभागृह. पहिल्याच रांगेत त्यांची पत्नी वनजा स्वतःचे गुडघे चोळत बसली होती.

“काका, कसा आहे गुडघा?” डॉक्टरांनी माईकचा दांडा पुढे सरकवला.

वेंकोजीरावांनी तोंड उघडलं. एवढे लोक, एवढा मोठा हार! “पंचविशीतला,” ते म्हणाले. टाळ्या कडाडल्या. उभं राहून टाळ्या वाजवायला मात्र कुणालाच जमलं नाही.

घरी आल्यावर वनजाबाईंनी दार लावून घेतलं. “अहो, खरं सांगा. तुमी सांगितलं, तर मीबी करून घेते. नाही तर बेडा, नकोच ते.”

वेंकोजीरावांना खरं सांगायचं होतं. पण तेवढ्यात येलवालहून त्यांचे मोठे भाऊ महादेवराव यांचा फोन आला. सत्काराचा फोटो साऱ्या नातलगांत फिरला होता. भावाची शाबासकी ऐकून फोन ठेवेपर्यंत वेंकोजीरावांचा धीर गेला.

“स्वल्प सोसावं लागतं,” ते म्हणाले. “पण छान आहे.”

वनजाबाईंनी उपचार करून घेतले. घरी आल्यावर दोघं समोरासमोर बसले. चहा करायला कुणीतरी उठायला हवं होतं. दोघंही बसूनच राहिले.

“कसं वाटतंय?”

“छान.”

हा सूर वेंकोजीरावांच्या ओळखीचा होता. त्यांची मान खाली गेली. “वनजा, मी खोटं बोललो. माझा गुडघा होता तसाच आहे.”

“अय्यो, ते मला तुमाला स्टेजवर बघूनच कळलं होतं. तुमी हारापेक्षा माईकच्या दांड्याला जास्त धरून होता.”

“मग गेलीस कशाला?”

“चार लोकांत तुमी खोटे पडला असता, नोडी, बघा. मी पण छान म्हटलं, की खरं झालं.”

वेंकोजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात पुन्हा महादेवरावांचा फोन. त्यांच्याही गुडघेदुखीनं उचल खाल्ली होती. वेंकोजीराव कसनुसे झाले, तेव्हा वनजाबाईंनीच फोन घेतला.

“या की, भावजी! आमी दोघंबी पळतोय.”

ही हकीकत आम्ही अनेकांना सांगितली. सगळे पोट धरधरून हसले. लोक किती भोळे असतात, असं एकजात म्हणाले. मग निघताना प्रत्येकजण दाराशी घुटमळला, आणि तुम्ही आता विचारणार आहात तेच त्यानं हळूच विचारलं, “ते केंद्र जयलक्ष्मीपुरमला नेमकं कुठं आहे हो?”