रहमतभाईंची नारंगी तक्रार

सकाळी रहमतभाई संडासाचं दार धाडकन उघडून बाहेर आले आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. जैबुनबी परातीत कणीक मळत होत्या.

"काल भाजीत काय टाकलं होतं?"

"वांगे."

"आन हळद किती टाकली?"

"रोज टाकतो तेवढीच. कायले?"

रहमतभाईंनी आवाज खाली आणला. मुलगी नुजहत लग्न होऊन दारव्ह्याला गेल्यापासून घरात ही दोघंच होती, तरीही आणला. "लघवी नारंगी होऊन राह्यली माही. पिवळी नाही. नारंगी. संत्र्याच्या रसासारखी."

जैबुनबींचे हात परातीत थांबले. "त्या नव्या गोळ्यायनं तं नसंल ना?"

"गोळ्यायले नावं ठेवू नको!"

रहमतभाईंना राग येण्यासारखंच ते होतं. फुलसावंगीच्या पुढे फाट्यावर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. गेलं वर्षभर बोटांचे सांधे असे सुजत होते, की सकाळी हातात पाना धरता येत नव्हता. शर्टाची बटणं जैबुनबी लावून द्यायच्या. शेवटी पुसदच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा सुजेचा संधिवात आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे, आणि त्यावर गोळ्या सुरू केल्या. महिनाभरात बोटं मिटायला लागली. परवा तर रहमतभाईंनी कुणाच्या मदतीशिवाय एका ट्रॅक्टरचं अख्खं चाक उतरवलं होतं. ज्या गोळीनं हात परत दिले तिच्यावर भलता आळ ते कसा येऊ देणार?

"गोळीचा रंगबी तसाच पिवळा हाये म्हणून म्हणलं," जैबुनबी म्हणाल्या.

"मंग लाल गोळी खाल्ली तं लाल होईन काय? काळी खाल्ली तं काळी होईन? काहीबी बोलतं!"

"डाक्टरनं काही सांगितलं नव्हतं का?"

डॉक्टरांनी बरंच सांगितलं होतं. पण ते सांगत असताना रहमतभाई फोनवर कुणाच्या तरी क्लचप्लेटबद्दल वाद घालत होते, आणि जैबुनबी बाहेर औषधांच्या रांगेत उभ्या होत्या. "सांगितलं ना," रहमतभाई ठसक्यात म्हणाले. "जेवल्यावर घ्या म्हणले."

एवढ्यात बाहेर नळाला पाणी आलं आणि बादलीत धार पडायला लागली. रहमतभाई त्या धारेकडे बघतच राहिले.

नळ! या गल्लीत नळ यावा म्हणून रहमतभाईंनी ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवले होते. शेवटी तो आला, आणि नेमका गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात आला. इतकी वर्षं हापशीचं पाणी प्यालो, तेव्हा कधी असं झालं नाही. शेजारच्या दोरीवर त्यांची बनियन वाळत होती. तिच्या गळ्याला आणि काखेत पिवळट डाग पडले होते.

"ही पाय!" त्यांनी बनियन ओढून जैबुनबींच्या पुढे धरली. "नळाच्या पाण्यानं धुतली ना? कपड्याची अशी गत, तं पोटाची काय झाली असंल? पंचायतवाले आमाले जहर पाजून राह्यले!"

समोरच्या ओट्यावर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर पुंडलिकराव बसले होते. त्यांनी 'जहर' एवढाच शब्द ऐकला आणि चपला न घालताच आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते गुपचूप आपल्या घरात गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

"रहमतभाई, माहीबी पिवळी हाये हो. गर्द पिवळी."

मे महिना होता. डांबर चपलेला चिकटत होतं. पुंडलिकराव दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलत आणि पाणी प्यायला उठायचा कंटाळा करत. पण हे त्या वेळी कुणाला सुचणार? संध्याकाळपर्यंत गल्लीतला एकेक पुरुष आपापल्या घरात जाऊन खात्री करून आला आणि परत येताना प्रत्येकाचा आवाज चढलेला होता. बायकांनी या तपासणीत भाग घेतला नाही, मात्र पाण्याविषयी त्यांचं जे म्हणणं होतं ते त्या बरेच दिवस दाबून बसल्या होत्या. तेही बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी रहमतभाई ग्रामपंचायतीत शिरले. मागे निम्मी गल्ली होती. त्यांनी कागदात गुंडाळलेली एक बाटली ग्रामसेवक किसनरावांच्या टेबलावर ठेवली आणि कागद काढला.

"हे काय आहे?" किसनरावांनी विचारलं.

"तुमच्या नळाचं पाणी."

"नळाला असं पाणी येतं?"

"नळाले पांढरंच येते. माह्यातून गेल्यावर असं होते."

किसनराव खुर्चीसकट मागे सरकले. "उचला ते! हे टेबल सरकारी आहे!"

"मीबी टॅक्स भरतो! नमुना हाये तो. घ्या जमा करून आन पोच द्या."

"असल्या नमुन्याची पोच देता येत नाही. तुम्ही दवाखान्यात जा."

"बिमार मी हाव का तुमची टाकी?" रहमतभाईंनी टेबलावर मूठ आपटली. मूठ नीट वळते आहे हे त्यांच्या त्याही क्षणी ध्यानात आलं आणि बरं वाटलं. "टाकी कधी धुतली होती, ते सांगा!"

किसनरावांनी खिडकीतून शाळेमागच्या टाकीकडे बघितलं. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावर रंगवलेली असते. रंग केव्हाच उडून गेला होता.

आरडाओरडा ऐकून सरपंच धनसिंग आतल्या खोलीतून बाहेर आले. माणूस गोड बोलणारा. त्यांनी रहमतभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "रहमतभाई, कायले तब्येत खराब करून घेता? पाणी एकदम फस क्लास हाये. मी सोता तेच पितो."

"तुमी तेच पेता?"

"लेकराबाळायची शपथ."

धनसिंगांच्या मागे खोलीचं दार उघडंच होतं. आत स्टुलावर फिल्टरच्या पाण्याचा मोठा जार ठेवलेला होता आणि त्याच्या तोटीखाली अर्धा भरलेला गिलास होता. रहमतभाईंनी तिकडे बोट दाखवलं. निम्म्या गल्लीनं माना तिकडे वळवल्या. त्यानंतर पंचायतीच्या कार्यालयात जे शब्द बोलले गेले ते इथे सांगण्यात अर्थ नाही. एवढंच, की येत्या सोमवारी सगळ्या गावासमोर टाकी उघडायची, असं धनसिंगांनी कबूल केलं तेव्हाच लोक घरी गेले.

त्या दिवसापासून रहमतभाईंनी नळाचं पाणी बंद केलं. जैबुनबी लांबच्या हापशीवरून एक कळशी आणायच्या, ती पुरवून पुरवून प्यायची. गॅरेजात भट्टीसारख्या उन्हात काम करायचं आणि घशाला कोरड पडली की दोन घोट घ्यायचे. परिणामी रंग आणखी गडद झाला. आता तो तांब्याच्या भांड्यासारखा दिसायला लागला.

"पाय!" ते जैबुनबींना म्हणाले. "नळाचं पाणी सोडलं तरी जाऊन नाही राह्यलं. किती मुरलं असंल आंगात!"

सोमवारच्या आधी, शनिवारी पुसदला जायचं होतं. या गोळ्यांवर सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागतं, तेवढं मात्र औषधाच्या दुकानातल्या माणसानं जैबुनबींना बजावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, बोटं दाबून बघितली. "उत्तम. लिव्हर ठीक आहे, पेशी ठीक आहेत. काही त्रास?"

"मले काही त्रास नाही साहेब. गावाले हाये." आणि रहमतभाईंनी नळापासून जारपर्यंत सगळी हकिकत सांगितली. मध्ये मध्ये ते उठून उभे राहत होते.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रहमतभाई, ही सल्फासालाझिनची गोळी आहे. हिच्यानं लघवी नारंगी होतेच. घामही पिवळा येतो, कपड्याला डाग पडतात. घाबरायचं नाही, असं मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मले?"

"तुम्हालाच. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड किंवा अंगावर पुरळ आलं तर लगेच या. आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर किडनीला त्रास होतो. पाणी पिताय ना भरपूर?"

रहमतभाई खाली बसले. मग त्यांना रागच आला. "साहेब, एवढी मोठी गोष्ट अशी आरामात सांगतात काय? फोन हातातून हिसकून घ्याचा होता! कानात वरडाचं होतं!"

परतीच्या बसमध्ये जैबुनबी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यामुळे रहमतभाईंना सगळं ऐकू आलं.

माणूस तापट असला तरी खोटा नव्हता. गॅरेजात त्यांनी कधी जुना पार्ट नवा म्हणून बसवला नव्हता. बसमधून उतरल्याबरोबर ते पुंडलिकरावांच्या ओट्यावर गेले. "पुंडलिकराव, गलती झाली. पाणी चांगलं हाये."

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सरपंचानं बोलावलं होतं काय?"

"नाई हो! पुसदले गेलतो."

"पुसदले कोणाले भेटले?"

"डाक्टरले."

"सरपंचाचा साडू पुसदले डाक्टर हाये."

"हा तो नव्हे!"

"मी कुठं म्हणलं तोच हाये म्हणून?"

रहमतभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. रुमाल पिवळा झाला. "अरे बापा, माही लघवी माह्या गोळ्यायनं नारंगी होते!"

"असंल. मंग माही काहून पिवळी होते? मी घेतो काय गोळ्या?"

"तुमी पाणी पेत नाही म्हणून!"

"चांगलं पाणी असतं, तं पेलो नसतो काय?" पुंडलिकराव उठले आणि जाता जाता म्हणाले, "सांगून तं द्या, कितीत जमलं."

सोमवार उजाडेपर्यंत रहमतभाई विकले गेल्याची बातमी गावभर झाली होती. कुणी म्हणालं पैसे घेतले, कुणी म्हणालं गॅरेजला रस्त्याकडची जागा मिळणार. टाकीखाली सगळा गाव जमला होता. धनसिंग, किसनराव एका बाजूला उभे होते आणि पंचायतीचा हिरासिंग शिडी चढून वर पोचला होता. रहमतभाई गर्दीतून पुढे आले आणि लोक बाजूला सरकले. हेच लोक आठवडाभर त्यांच्यामागे चालत होते. आता कुणी सलामही केला नाही.

"भाऊबंद हो," ते म्हणाले, "टाकी उघडाची गरज नाही. पाणी चांगलं हाये. मीच चुकलो."

"बिकाऊ!" मागून कुणीतरी ओरडलं.

रहमतभाईंचे कान लाल झाले. पंचायतीवरचा राग, डॉक्टरांवरचा राग, स्वतःवरचा राग असा सगळा साठलेला राग एका ठिकाणी आला. "मी बिकाऊ? मी?" मागे उभ्या असलेल्या जैबुनबींच्या हातातला लोटा त्यांनी ओढून घेतला, टाकीच्या बुडाशी असलेल्या तोटीखाली धरला, काठोकाठ भरला आणि एका दमात रिकामा केला. दाढीवरून पाणी ओघळलं. "हे घ्या! पेलो!" लोटा पुन्हा भरला. तोही घटाघटा प्यायले. "पाणी खराब असतं तं पेलो असतो काय? आता कोण म्हणते बिकाऊ, त्यानं समोर यावं!"

कुणी समोर आलं नाही. पुंडलिकरावांनी मान खाली घातली. धनसिंगांना तर इतका आनंद झाला, की ते टाळ्या वाजवायला लागले. "पाहा! मी आधीच म्हणत होतो!" त्यांनी वर बघून हाक मारली, "हिरासिंग, राहू दे रे! उतर खाली!"

पण वर झाकण सरकल्याचा आवाज आधीच झाला होता. मग हिरासिंगनं नाकावर उपरणं धरून खाली डोकावलं.

"सरपंचसाहेब, टोपलं पाठवा."

"कायले टोपलं?"

"आत वानर हाये."

"मंग हाकल ना!"

"हाकलाच्या पलीकडं गेलं ते."

पुढच्या क्षणी जो कल्लोळ उठला त्यात धनसिंग आणि किसनराव दिसेनासे झाले. पुंडलिकरावांनी धावत येऊन रहमतभाईंना मिठी मारली. "मले माफ करा! तुमीच खरे होते! आन किती मोठं मन, आमचा भरोसा बसावा म्हणून सोता पेले!" "रहमतभाईनं बाटली दाखवली तवाच कळाले पायजे होतं!" असं लोक एकमेकांना सांगायला लागले. रहमतभाई "गोळी, गोळी" असं काहीतरी पुटपुटत होते, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. कुणीतरी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं.

"खाली ठेवा मले!" ते तोंडावर हात दाबून ओरडले. "पहिले चूळ भराले पाणी द्या कोणी!"

गर्दी एकदम थांबली. लोकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. जैबुनबींनी खाली पडलेला लोटा उचलला, पदरानं पुसला आणि नवऱ्याकडे मान वर करून विचारलं,

"कोणतं देऊ?"