पथ्याचा अर्थ

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. वर्तमानपत्राच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकाच्या लग्नाला त्या साली सोळा वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नव्हता. छापखान्यात त्याला सगळे ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत, कारण डब्याला गुंडाळलेल्या कागदावरच्या चुकाही पेन्सिलीने दुरुस्त केल्याशिवाय तो घास घेत नसे. बायको चाळिशीला टेकलेली. सोळा वर्षांत तिच्या साऱ्या तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या, सासूचं बोलणंही टोचून झालं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आणि यांना कधी कोणी तपासलंय का?"

कोणी तपासलं नव्हतं. तपासलं, तेव्हा पुरुषाचं हार्मोन कमी निघालं.

सासूने दार लावून घेतलं. "बाहेर एक शब्द काढायचा नाही. कोणी विचारलं तर तुझं औषध चालू आहे म्हणायचं."

"माझं?"

"एवढी वर्षं तेच म्हणतोय की. त्यात नवीन काय?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "वजन उतरवा, खाणं सुधारा. नुसत्या खाण्यानं चमत्कार होत नाही, पण सुरुवात तिथून. सहा महिन्यांनी परत तपासू. त्यापुढे रेंगाळायला बाईंच्या वयाला सवड नाही." आणि एका कागदावर दोन याद्या करून दिल्या. एकीच्या डोक्यावर ‘पथ्य’: बिअर, तळलेलं, बेकरीचं, साखर, ज्येष्ठमध. दुसरीवर ‘चालेल’: अंडी, मासे, भाज्या, बदाम.

ती कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवत म्हणाली, "म्हणजे आता बिस्किटं बंद."

"बंद? अगं, पथ्य आहे ते!"

"म्हणून तर बंद."

त्याने कपाटातून उशीएवढा शब्दकोश काढला. "ऐक. पथ्य: हितकर, रोग्याने खाण्यास योग्य असे अन्न. जे खायचं नाही ते कुपथ्य. डॉक्टरांनी कुपथ्य लिहिलंय कुठे?"

"अहो, सगळं जग पथ्य म्हणजे न खायचं, असंच समजतं."

"सगळं जग ‘आशीर्वाद’मधली शी ऱ्हस्व काढतं."

"आणि बिअर?"

"मला काय हौस आहे? सांगितलीय तर घ्यायची."

"मग ‘चालेल’ म्हणजे?"

"चालेल म्हणजे नाइलाजानं. आपला अजून नाइलाज झालेला नाही."

"मी एकदा डॉक्टरांना विचारून येते."

आतून सासू कडाडली, "काही नको! दवाखान्यात चार ओळखीची माणसं बसलेली असतात. माझा मुलगा शब्दांवर पोट भरतो, त्याला तू शब्द शिकवणार?"

ती गप्प बसली. गप्प बसण्याचा तिचा सराव सोळा वर्षांचा होता.

त्याने पथ्य पाळलं ते मात्र व्रतासारखं. सासू सकाळ-संध्याकाळ तळत होती. जेवण झालं की तो नाक चिमटीत धरून, उभ्यानेच बिअरचा पेला रिकामा करी, चेहरा असा की स्वतःच्याच तेराव्याला आलाय. दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी. अंड्याला त्याने हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यात विजारीचं बटण लागेना. पाचव्यात तो छापखान्यात, छपाईच्या खिळ्यांच्या खडखडाटातही खुर्चीवर घोरू लागला. त्याच डुलकीत एक बातमी त्याच्या हाताखालून निसटली. ‘मुख्याध्यापक निवृत्त झाले’ असं हवं होतं, छापून आलं ‘मुख्याध्यापक निवर्तले’. लोक हार घेऊन गेले आणि दार मुख्याध्यापकांनी स्वतःच उघडलं.

"तुम्ही चुकलात?" संपादकांचा विश्वास बसेना. "झालंय काय तुम्हाला?"

"पथ्यावर आहे," तो मान ताठ ठेवून म्हणाला.

सहा महिने झाले. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. नऊ किलो वाढलेले. हार्मोन होतं त्याच्याही खाली.

"पथ्य पाळलंत ना?"

"एक दिवस चुकलो नाही. बिअरसुद्धा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बिअरसुद्धा काय?"

"घेतली. रोज."

बायको शेजारच्याच खुर्चीवर होती. मग ती हसायला लागली. आधी पदरात, नंतर मोठ्याने, खुर्चीला धरून. ते हसणं रडण्यात कधी बदललं ते कोणाला कळलं नाही. कंपाउंडरने घाबरून दार उघडलं. बाहेर बाकावर ओळखीची चार माणसं होतीच. "अहो, यांचं कमी आहे!" ती ओरडली. "यांचं! सोळा वर्षं माझं म्हणत होते!"

दिवेलागणीपर्यंत ते गल्लीभर झालं होतं.

पुढे त्याने अंडी खाल्ली, गोळ्या घेतल्या. दीड वर्षाने हार्मोन जागेवर आलं. तोवर तिची पाळी थांबली होती.

डॉक्टर त्यानंतर शेवटपर्यंत ‘खावे’ आणि ‘खाऊ नये’ एवढंच लिहीत राहिले, ठळक अक्षरात. मुख्याध्यापक स्वतःच्या निधनाच्या बातमीचं कात्रण खिशात घेऊन वयाच्या एक्याण्णवव्या वर्षापर्यंत हिंडले. सासूने अंथरूण धरलं तेव्हा तिचं सगळं सुनेनेच केलं. "मला काय पथ्य गं?" असं म्हातारी विचारी, आणि सून म्हणे, "काही नाही. तुम्हाला आता सगळं चालेल."

मुद्रितशोधक गेला तो निवृत्तीनंतर सहा वर्षांनी. त्याच्या निधनाच्या बातमीत एकही चूक नव्हती. बातमी बायकोने तपासली होती. नंतर कपाट आवरताना शब्दकोश हाती लागला. ‘पथ्य’ या शब्दाशेजारी समासात त्याच्या पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं: ‘व्यवहारात अर्थ उलट. बायकोला विचारावे.’

मग तिने पेन्सिल घेतली, ‘बायकोला’च्या पुढे राहिलेला शब्द मध्ये घालायची खूण त्याच्यासारखीच नेटकी काढली आणि वर लिहिलं: ‘वेळेवर’.